वाघिणीच्या गोष्टीतला वाघ

वाघावरच्या माहितीपटांचा गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास चाळला, तर तो बहुतांशी वाघिणींचा इतिहास निघतो. रणथंभोरची मछली, पेंचची कॉलरवाली, ताडोबाची माया ही नावे जंगलात कधी पाऊल न ठेवलेल्या घरांतही ओळखीची आहेत. मछली ऑगस्ट २०१६ मध्ये म्हातारपणाने मेली, एस. नल्लमुथू यांनी तिच्यावर केलेल्या माहितीपटाला पुढे पर्यावरणविषयक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कॉलरवालीने आठ वेतांत २९ बछडी दिली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती गेली, तेव्हा फुले वाहून तिला अग्नी देण्यात आला. माया २०२३ च्या पावसाळ्यात दिसेनाशी झाली, तर तिच्या तपासाच्या बातम्या काही महिने चालू होत्या. या प्रसिद्धीत गैर काही नाही. वाघीण बछडी वाढवते, त्यांना शिकार शिकवते, स्वतः मागे राहून त्यांना आधी खाऊ देते. हे सगळे खरे आहे आणि पडद्यावर पाहण्याजोगेही आहे. खटकते ते दुसरेच. २९ बछड्यांच्या आईचे नाव सगळ्यांना पाठ असते, पण त्यांचे बाप कोण, ते कुठे होते, काय करत होते, हे विचारावेसे फारसे कोणाला वाटत नाही. माहितीपटांनी आपल्या मनात जे चित्र ठसवले आहे, त्यात नर वाघ हा वाघिणीच्या आयुष्यात क्वचित डोकावणारा आणि डोकावला की बहुधा विघ्न आणणारा प्राणी आहे. उपलब्ध पुरावा मात्र वेगळे सांगतो. वाघिणीची जी गोष्ट कॅमेऱ्याला इतक्या निवांतपणे टिपता येते, ती घडायला लागणारी स्वस्थता बऱ्याच अंशी तो न दिसणारा नरच पुरवत असतो. त्याला पडद्यावर जागा मिळत नाही, याचे कारण त्याच्या स्वभावात कमी आणि कॅमेरा कुठे उभा असतो यात जास्त आहे.

माहितीपट कसा तयार होतो, हे आधी पाहू. चित्रीकरणाची परवानगी मिळते ती ठरलेल्या रस्त्यांची आणि ठरलेल्या वेळांची. गाडी सफारीच्या वाटेवरून जाते, उजेड असेतो थांबते आणि अंधार पडायच्या आत फाटकाबाहेर येते. या चौकटीत महिनोन्‌महिने एकच वाघ पुन्हा पुन्हा सापडायचा, तर तो लहान क्षेत्रात राहणारा, गाड्यांना सरावलेला आणि कुठल्या तरी जागेला बांधलेला असावा लागतो. बछडी असलेली वाघीण या तिन्ही अटींत नेमकी बसते. नेपाळमधल्या चितवनसारख्या भरपूर हरणे असलेल्या जंगलात मादीला पंधरा-वीस चौरस किलोमीटर पुरतात. नराला तिथेच साठ ते शंभर लागतात. मादीला पाणी जवळ हवे असते, बछड्यांपाशी परतावे लागते. नर मात्र आज या पाणवठ्यावर दिसला, तर पुढचे कित्येक दिवस त्याचा तिथे पत्ता नसतो आणि त्याची बरीचशी चाल रात्रीची असते. २००८ साली बीबीसीने दाखवलेल्या ‘टायगर : स्पाय इन द जंगल’ या मालिकेत गाडीची अडचण हत्तींनी सोडवली होती. पेंचच्या जंगलात हत्तींनी सोंडेत आणि सुळ्यांवर धरून नेलेले, ओंडक्यासारखे दिसणारे कॅमेरे बछड्यांच्या अगदी जवळ पोहोचले. तरीही मालिकेच्या केंद्रस्थानी राहिली ती एक वाघीण आणि तिची चार बछडी, कारण हत्ती न्यायचे कुठे हे त्या बछड्यांवरूनच ठरत होते. साधन बदलले तरी गोष्ट गुहेभोवतीच फिरली. मग संकलनाच्या टेबलावर या गोष्टीला ताण हवा असतो आणि तो आणायला नर उपयोगी पडतो. त्यामुळे त्याच्या वाट्याला साधारण तीन भूमिका येतात : चार दिवसांचा नवरदेव, हद्दीसाठी झुंजणारा राजा, आणि बछड्यांच्या जिवावर उठलेला मारेकरी. तिन्ही भूमिका खऱ्या प्रसंगांवर बेतलेल्या असतात. पण त्या प्रसंगांमधला जो लांबलचक काळ आहे, त्यात नर काय करतो हे पडद्यावर येतच नाही.

या मधल्या काळाकडे पाहायला परतवाड्यासारखी जागा सोयीची आहे. मेळघाटच्या पायथ्याचे हे गाव सागवानाच्या डेपोसाठी प्रसिद्ध आहे आणि घटांग, सेमाडोह, हरिसालवरून धारणीकडे जाणारा रस्ता इथूनच डोंगर चढतो. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. गाभा आणि बफर मिळून त्याचा विस्तार सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या जंगलात वाघ आहेत, पण मेळघाटात वाघ दिसत नाही ही इकडची जुनी तक्रार आहे. दऱ्या खोल आहेत, सागाचे आणि बांबूचे रान दाट आहे, तृणभक्षी प्राणी विखुरलेले आहेत, आणि ताडोबासारखा हमखास तलावकाठ नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसायला अमरावती-अकोल्याहून हौसेने लोक येतात. त्यांच्या नोंदींत अस्वल, गवा, सांबर, भेकर, रानडुक्कर भरपूर असतात आणि वाघ मोजका. ताडोबाच्या मायेसारखी पडदा गाजवणारी वाघीण इथून पुढे आली नाही, यात नवल नाही. पण म्हणूनच इथे वाघ समजून घ्यायची रीत वेगळी राहिली. तो डोळ्यांनी पाहण्यापेक्षा त्याने मागे ठेवलेल्या खुणांवरून वाचायचा. वनरक्षक आणि कोरकू वनमजूर ओल्या मातीतला ठसा पाहून सांगतात की नराच्या पावलाची चौकट चौकोनाकडे झुकते आणि मादीची लांबट असते. कललेल्या खोडाच्या खालच्या बाजूला मारलेली मूत्राची फवारणी, वाटेच्या मध्यावर मागच्या पायांनी उकरलेली माती, सागाच्या सालीवर उंच ओढलेले नखांचे ओरखडे, वाळलेली विष्ठा ही सगळी या वाचनाची अक्षरे आहेत. आणि यांतली बरीचशी अक्षरे नराच्या हातची असतात, कारण मोठे क्षेत्र राखायचे तर त्याला सारखी सही करत फिरावे लागते.

याच रीतीची यंत्राने वाढवलेली आवृत्ती म्हणजे कॅमेरा ट्रॅप. त्याचा वंश जुना आहे. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी उत्तर हिंदुस्थानात वाटेवर तार ताणून, वाघाच्याच पावलाने कॅमेरा चालवून रात्रीची छायाचित्रे घेतली आणि १९२७ साली त्यांचे पुस्तक केले. १९९० च्या दशकात उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत या छायाचित्रांवरून वाघांची संख्या काढायची शास्त्रीय पद्धत बसवली आणि २००६ पासून देशभरच्या व्याघ्रगणनेत ती वापरली जाते. जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात वाघ जाण्याची शक्यता जास्त अशी वाट निवडून, तिच्या दोन्ही अंगांना समोरासमोर, साधारण माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर दोन पेट्या झाडाला पट्ट्याने आवळतात. दोन अशासाठी, की वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. एकच बाजू मिळाली तर तोच वाघ दोन म्हणून मोजला जाण्याची भीती. उष्ण देह समोरून सरकला की पेटी जागी होते, चित्र घेते आणि त्यावर तारीख-वेळ छापते. कार्ड काढून पाहिले, की त्यात पाने हलली म्हणून, गाय गेली म्हणून, वनमजूर सायकलवरून गेला म्हणून निघालेली ढीगभर चित्रे असतात आणि त्यांत मधेच कुठे तरी रात्री दोन-अडीचला वाटेच्या बरोबर मध्यातून चाललेले रुंद डोके, मानेभोवतीची झालर आणि भरलेले खांदे. तो नर असतो. देशोदेशीच्या ट्रॅपच्या अभ्यासांत हे वारंवार दिसले आहे की मादीपेक्षा नर जास्त वेळा टिपला जातो, कारण तो जास्त चालतो आणि सरळ रस्त्यानेच चालतो. माहितीपटात जो जवळजवळ दिसत नाही, तोच इथे सगळ्यांत जास्त दिसतो. एकाच प्राण्याबद्दल दोन साधने इतकी उलटी साक्ष देत असतील, तर पडद्यावरची अनुपस्थिती ही त्या प्राण्याची नसून त्या साधनाची आहे, हे मान्य करायला हवे.

आता नर एवढा चालतो कशासाठी, या प्रश्नाकडे वळू. याचे सगळ्यांत भक्कम उत्तर चितवनमधून आले. तिथे १९७० च्या दशकात वाघांना रेडिओ कॉलर लावून अभ्यास सुरू झाला आणि डेव्हिड स्मिथ व चार्ल्स मॅकडूगल यांनी अनेक वर्षांच्या नोंदींवरून १९९१ साली वाघांच्या वंशवाढीचा हिशेब मांडला. एका नराच्या क्षेत्रात दोनपासून सातपर्यंत माद्यांची क्षेत्रे येत होती. मादीची प्रजननाची कारकीर्द सरासरी सहा वर्षांची भरली. नराची तीन वर्षांहूनही थोडी कमी, सरासरी २.८ वर्षे. पहिल्या वर्षात सुमारे एक तृतीयांश बछडी दगावत होती आणि त्यामागच्या कारणांत नव्या नराने केलेली बछड्यांची हत्या ठळक होती. क्षेत्र जिंकणारा नर आधीच्या नराची बछडी मारतो, कारण बछडी गेली की मादी लवकर माजावर येते आणि त्याच्या स्वतःच्या वंशाला वाट मिळते. माहितीपटांतला मारेकरी तो हाच. पण हे आकडे शेजारी शेजारी ठेवले, की त्यांतून दुसरीही गोष्ट निघते. बछडी आईपासून सुटी होऊन जगू लागायला दीड ते दोन वर्षे लागतात. नराची कारकीर्द तीन वर्षांच्याही आत संपते. म्हणजे एका नराच्या राजवटीत एका मादीचे एक वेत सुखरूप मोठे होऊ शकते, फार झाले तर दुसरे अर्ध्यावर येते. त्या दीड-दोन वर्षांत क्षेत्राचा धनी बदलला तर वेत गेले, टिकला तर वेत टिकले. नव्या नराची क्रूरता जितकी खरी, तितकेच जुन्या नराचे टिकून राहणे मोलाचे. एक गोष्ट मानायची आणि दुसरी सोडून द्यायची, असे करता येत नाही. वऱ्हाडात पिकाच्या दिवसांत शेतावर जागलीला जाणाऱ्या माणसाचे काम असेच असते. त्याची रात्र सफल झाली याची खूण एकच, की सकाळी पीक जसेच्या तसे उभे आहे. काहीच घडले नाही, हेच त्याने केलेले काम. आणि काहीच न घडण्याचे चित्रीकरण करता येत नाही.

एवढ्यावरही कोणी म्हणेल, की हा बाप नसून नुसता पहारेकरी झाला; तोही आपल्या हद्दीसाठी झटतो, बछड्यांना त्याचा फायदा आपोआप मिळतो. हे बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण पुरते नाही. जॉर्ज शॅलर यांनी १९६० च्या दशकात कान्ह्यात केलेल्या अभ्यासात नर वाघ, वाघीण आणि बछडी एकाच शिकारीवर येत असल्याचे नोंदवले आणि वाघ एकटा राहतो म्हणून तो माणूसघाण्यासारखा जातघाणा असतो असे नाही, हे दाखवले. १९८० च्या दशकात रणथंभोरमध्ये फतेहसिंग राठोड आणि वाल्मिक थापर यांनी नर, मादी आणि बछडी एकाच पाण्यात बसलेली पाहिली, त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. शॅलर यांच्या नोंदी असूनही तोवर नर म्हणजे बछड्यांना धोकाच, ही समजूत रूढ होती. २०११ साली याच रणथंभोरमध्ये टी-५ ही वाघीण दोन लहान बछड्या मागे ठेवून मेली. त्या जगणार नाहीत असे गृहीत धरले गेले असता टी-२५ या नराबरोबर त्या फिरताना ट्रॅपच्या चित्रांत दिसू लागल्या. त्याने त्यांना शिकारीवर खाऊ दिले, आपल्या क्षेत्रात राहू दिले. दोघी वाढल्या आणि जानेवारी २०१३ मध्ये सरिस्कात नेऊन सोडण्यात आल्या. मे २०२१ मध्ये पन्नात चार बछड्यांची आई गेली, तेव्हा पी-२४३ हा नर त्यांच्या आसपास राहतो आहे हे लक्षात आल्यावर वनखात्याने बछडी उचलून पिंजऱ्यात न आणता नराला कॉलर लावून त्याच्यावर लक्ष ठेवायचे ठरवले. हा निर्णय घेतला गेला, तेव्हा दहा वर्षांपूर्वीचे टी-२५ चे उदाहरण समोर होते. नराबद्दलची समजूत बदलली, तशी वनव्यवस्थापनाची पद्धतही बदलली.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता कामा नये. टी-२५ आणि पी-२४३ ही हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी उदाहरणे आहेत. त्यांच्यावरून नर वाघाला वत्सल पिता ठरवणे म्हणजे माहितीपटाने केलेली चूक उलट्या बाजूने करणे. हा आक्षेप मला मान्य आहे. नर बछड्यांना दूध पाजत नाही, त्यांच्यासाठी रोज शिकार आणत नाही, त्यांना शिकवत नाही. अनाथ बछड्या सांभाळणारे नर अपवादच असतील. पण माझा मुद्दा त्यांच्यावर उभा नाही. अपवादांनी एवढेच सिद्ध होते, की नर आपल्या क्षेत्रातल्या बछड्यांना ओळखून सहन करू शकतो, म्हणजे मारणे ही त्याची एकमेव प्रवृत्ती नाही. मुद्दा उभा आहे तो नियमावर : ज्या क्षेत्रात नर टिकून आहे, तिथे बछडी वाचण्याची शक्यता जास्त. हा नियम भावनेवर नाही, कॉलर आणि कारकिर्दींच्या मोजणीवर आधारलेला आहे. नराला माया आहे की नाही, हे ठरवायची गरजच पडत नाही. वाघिणीलाही तरी माया आहे हे आपण कशावरून म्हणतो? तिच्या वागण्याचा परिणाम आपल्याला पडद्यावर दिसतो म्हणून. नराच्या वागण्याचा परिणाम पडद्याबाहेर पडतो, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप साधनाबद्दलचा. माहितीपटाचा कॅमेरा पक्षपाती, हे खरे. पण ट्रॅप तरी कुठे निष्पक्ष आहे? तो रस्त्यावर बसवलेला, म्हणून रस्त्याने चालणारा नर त्यात जास्त. लहान बछडी असलेली वाघीण वाटा टाळते, म्हणून ती कमी. शिवाय ट्रॅप दाखवतो तो एक क्षण. तो नर आधी कुठून आला, नंतर काय केले, हे त्याला सांगता येत नाही. हेही बरोबर आहे, म्हणूनच गणना करणारे शास्त्रज्ञ नर-मादींच्या टिपले जाण्यातला हा फरक हिशेबात धरतात. फरक आहे तो इथे. ट्रॅपची चित्रे वाचणारा माणूस त्यांचा कल कबूल करून निष्कर्ष काढतो. माहितीपट आपला कल कबूल करत नाही. गाडीच्या वाटेवरून जे दिसले, तेच वाघाचे जीवन म्हणून निवेदकाच्या गंभीर आवाजात सांगतो. दोन अपुऱ्या साक्षी एकमेकींसमोर उभ्या केल्या तर त्यांच्यामधून बरेच काही कळते. एकच अपुरी साक्ष पूर्ण मानली, की चूक पक्की होते. माहितीपट हा संशोधनाचा अहवाल नाही, त्याला नायिका लागते, हेही मान्य. पण नायिका असण्याला कोणाची हरकत नाही. नायिकेच्या आयुष्यातले जे चित्रित झाले नाही, ते घडलेच नाही असे सांगण्याला हरकत आहे.

तिसरा आक्षेप विदर्भातला वाचक हमखास घेईल : नर वाघांना प्रसिद्धी नाही असे कसे म्हणता? उमरेड-कऱ्हांडल्याचा जय, ताडोबाचा वाघडोह यांची नावे कोणाला माहीत नाहीत? प्रश्न रास्त आहे. जय नागझिऱ्यातून निघून उमरेडला आला, पर्यटकांनी त्याला डोक्यावर घेतले आणि एप्रिल २०१६ नंतर तो बेपत्ता झाला. वाघडोह वार्धक्याने मे २०२२ मध्ये मेला. पण या नरांची कीर्ती कशाची होती? देहाची, झुंजींची, नाहीसे होण्याची. नरावर माहितीपट झाला तरी तो बहुधा प्रवासाचा नाहीतर शोधाचा होतो. मछलीचाच मुलगा ब्रोकन टेल रणथंभोर सोडून निघाला आणि २००३ मध्ये दर्राजवळ रेल्वेखाली मेला. त्याला बछडा असताना चित्रित करणाऱ्या कॉलिन स्टॅफर्ड-जॉन्सन यांनी नंतर त्याचा माग काढत ‘ब्रोकन टेल’ हा माहितीपट केला. आपल्याकडचे उदाहरण त्याहून बोलके आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण नराला फेब्रुवारी २०१९ मध्ये कॉलर लावली गेली. जूनमध्ये तो निघाला, तेलंगणाची हद्द ओलांडून पुन्हा महाराष्ट्रात आला आणि सुमारे तेराशे किलोमीटर चालून वर्षाअखेरीला बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. कॉलर उतरेपर्यंत त्याची चाल तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली होती. ‘वॉकर’ म्हणून जगभर त्याची बातमी झाली. पण तो विक्रम करायला निघालेला नव्हता. त्याला हवे होते दुसऱ्या नराच्या ताब्यात नसलेले क्षेत्र आणि त्या क्षेत्रात वाघीण. ज्ञानगंगेत खायला होते, वाघीण नव्हती; तिथे एखादी मादी आणून सोडावी का, यावर अधिकाऱ्यांमध्ये विचारही झाला. वाघिणीशिवाय नराचे चालणे अर्थहीन ठरते, हे त्याच्या नकाशाने दाखवले. नराशिवाय वाघिणीचे मातृत्व अधांतरी राहते, हा त्याच वाक्याचा उरलेला अर्धा भाग, आणि माहितीपट नेमका तोच गाळतात.

हे गाळणे पडद्यापुरते राहिले असते, तर एवढा खटाटोप करायचे कारण नव्हते. पण पडद्याची सवय बातम्यांना आणि लोकांच्या विचारालाही लागते. पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका असलेली टी-१, म्हणजे अवनी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालून मारली गेली. त्यावर देशभर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्या वादात दोन बाजू होत्या : वाघीण खलनायिका, नाहीतर वाघीण दुर्दैवी आई. तिची दहा महिन्यांची दोन बछडी दोन्ही बाजूंना अनाथच वाटली. त्याच जंगलात टी-२ हा नर वावरत होता, पण चर्चेत त्याला नाव मिळाले ते तळटिपेपुरते. आईविना बछड्यांचे काय करायचे हे ठरवताना, नर शाबूत आहे की नाही ही पहिल्या ओळीची माहिती आहे. पन्नाने तीन वर्षांनी ते दाखवून दिले.

मेळघाटच्या बाबतीत तर ही माहिती थेट जंगलाच्या भवितव्याशी जोडलेली आहे. मादीच्या क्षेत्राचा आकार ठरवते भक्ष्याची दाटी. नराच्या क्षेत्राचा आकार ठरवतात माद्या. जिथे हरणे विरळ, तिथे मादीला मोठे क्षेत्र लागते आणि म्हणून नराला त्याहूनही मोठे. तेवढ्या दऱ्याखोऱ्यांवर सही ताजी ठेवायची, तर नराची ओढाताण जास्त आणि परक्या नराला आत शिरायला फटीही जास्त. पुनर्वसन झालेल्या गावांच्या जागी जी कुरणे झाली, त्यांचे मोल म्हणूनच दुहेरी आहे. तिथे चितळ-सांबर वाढले, की मादीचे क्षेत्र आखडते आणि नराचा पहारा आटोक्यात येतो. उलट शिकारीत एक नर गेला, तर कागदावर हानी एका वाघाची दिसते. प्रत्यक्षात त्याच्या क्षेत्रातल्या दोन-तीन माद्यांची वेते नव्या नराच्या तावडीत सापडू शकतात. २०१३ मध्ये मेळघाटात बहेलिया टोळीच्या शिकारी उघडकीला आल्या, तेव्हा कातडी आणि हाडे मोजली गेली. अशा प्रत्येक नरामागे न वाढलेली बछडी कुठल्याच पंचनाम्यात येत नाहीत. अकोला-खंडवा रेल्वेमार्गाच्या रुंदीकरणाचा वादही याच नजरेने पाहावा लागतो. जुना मीटरगेज मार्ग प्रकल्पातून जात होता. नवा मार्ग तिथूनच न्यावा की बाहेरून वळवावा, यावर वर्षानुवर्षे भांडण झाले. रूळ ओलांडायची पाळी सर्वांत जास्त येते ती सगळ्यांत जास्त चालणाऱ्यावर, म्हणजे नरावर. ब्रोकन टेल रेल्वेखाली गेला, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा तपशील नाही.

मग माहितीपटाने करावे काय? नर दिसत नसेल तर त्याला हत्तीवरून हुडकून काढावे, अशी अपेक्षा नाही. त्याची बाजू सांगायला लागणारा ऐवज आधीच तयार आहे. प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाकडे दरवर्षीच्या गणनेतली ट्रॅपची हजारो चित्रे आहेत, कॉलरचे नकाशे आहेत, ठशांच्या आणि फवारणीच्या नोंदी आहेत. वाघीण बछड्यांना घेऊन पाण्यात खेळते आहे या दृश्यानंतर, त्याच रात्री आठ किलोमीटरवर खिंडीतून गेलेल्या नराचे एक धुरकट काळेपांढरे चित्र दाखवायला अर्धे मिनिट पुरेल. मेळघाटात अधिकारी राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी मराठी वाचकाला जंगल दाखवले, तेही बरेचसे खुणा, आवाज आणि आदिवासींचे ज्ञान यांच्या आधारे. न दिसलेल्या प्राण्याची हकिकत रंगत नाही, ही सबब मराठी वाचकापुढे तरी टिकणारी नाही.

आणि माहितीपट बदलेपर्यंत प्रेक्षकाला थांबायचे कारण नाही. पडद्यावर वाघीण दीड वर्षांच्या बछड्यांना घेऊन चालताना दिसली, की तिच्या कर्तृत्वाबरोबर आणखी एक गोष्ट त्या चित्रात लिहिलेली असते : गेल्या दीड वर्षात त्या क्षेत्राचा धनी बहुधा बदललेला नाही. बछडी जितकी मोठी, तितकी ती राजवट जुनी. निवेदकाने नराचे नाव घेतले नाही, तरी त्याने जंगलात घालवलेले महिने बछड्यांच्या अंगावरून मोजता येतात.